खोड

नोटीस मीच टाईप केली होती.
‘सदर वृक्ष आतून पोकळ झाला असून...’
इंग्रजीत ते एवढं वाईट वाटत नाही.
मराठीत मनातल्या मनात म्हणून पाहिलं,
तर शेजाऱ्यांच्या आजारपणाबद्दल जिन्यात बोलावं
तसा माझा आवाज आपोआप खाली आला.

किडरमिन्स्टर. आई फोनवर अजून अडखळते,
‘कीड’पर्यंत येते आणि हसते.
गालिच्यांचं गाव आहे, आई. होतं.
एका गिरणीत आता सुपरमार्केट आहे,
आणि बागेत तळ्याकाठी हे लाईमचं झाड.
लिंबू नव्हे, लिंबाशी त्याचा काही संबंध नाही,
हेही दर वेळी सांगावं लागतं.

दीडशे वर्षांचं असेल, तपासनीस म्हणाला,
आणि लाकडी हातोडीने ठोकत
कलिंगड घेताना ऐकतात तसा ऐकत राहिला.

मंगळवारी कापलं.
दोन माणसांच्या उंचीचं खोड तेवढं ठेवलं, शिल्पासाठी.
त्याचं काय करावं ते गावाने कळवायचं होतं.
पाकिटं मी फोडली.
घुबड : दोनशे बारा.
मागावरची बाई : एकशे नव्वद.
शार्क : एक, जांभळ्या खडूने, दातांसकट.
आणि मिस्टर ओक्लींची चिठ्ठी, चार घड्यांची :
‘काहीच करू नका. त्याला थोडे दिवस मेलेलं राहू द्या.’
तिच्यासाठी रकाना नव्हता.

घुबड निवडून आलं.
आईला हे मी सांगितलेलं नाही.

डिलिस प्रॉबर्ट वेल्सच्या सीमेवरून आली,
व्हॅनमध्ये चार करवती आणि एक बहिरा कुत्रा.
मला वाटलं होतं पटाशी असेल, हातोडी असेल,
मान राखून येणारा आवाज असेल.
तिने दोरी ओढली
आणि सगळं तळं दचकलं.
बदकं पलीकडच्या काठाला गेली ती चार दिवस तिकडेच.
भुसा पिवळट, ओला, काकडीच्या जवळपासच्या वासाचा.
जेवणाच्या सुट्टीत माझ्या कोटावर बसला,
ऑफिसात कीबोर्डवर सांडला.

तिसऱ्या दिवशी करवत एकदम आत गेली.
छातीच्या जागी काहीच नव्हतं.
डिलिसने हात घातला, कोपरापर्यंत,
मूठभर काळा चुरा काढला, हुंगला,
म्हणाली, ‘चला, म्हणजे याला श्वास घ्यायला जागा आहे.’
नाही. असं ती म्हणाली नाही,
ते मला नंतर सुचलं, बसमध्ये.
ती म्हणाली, ‘इथे चहा कुठे मिळतो?’

घुबड झालं. छातीत भोक तसंच,
पाठीवरची पिसं निम्म्यावर येऊन थांबलेली,
कारण पैसे तेवढेच होते.
फीत कापली. बिस्किटं होती.
मिस्टर ओक्ली आले नाहीत.

मग एप्रिलमध्ये एक तक्रार :
‘घुबडाच्या पायाशी पाने फुटली आहेत.
योग्य ती कारवाई व्हावी.’
जाऊन पाहिलं.
पिंपळाची धाकटी भावंडं वाटावीत अशी पानं,
देठाशी तांबूस, अजून चुरगळलेली.
मुळांना कुणी कळवलंच नव्हतं.
नोटीस वर बांधली होती, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी,
खाली ती कोण वाचणार?

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात आमच्यात.
ही तर मेल्यावरही गेलेली नाही.
माळी कात्री घेऊन माझ्या शेजारी उभा होता.
त्याला कसं सांगू
की ते खोड आणि ती खोड
आमच्याकडे एकाच अक्षरांत लिहितात?
‘सोमवारी बघू,’ मी म्हटलं.
त्यालाही घाई नव्हती.

परत येऊन तक्रार उघडली.
प्रकार निवडा : धोका. कचरा. प्राणी. इतर.
‘इतर’ निवडला.
‘कारवाई’च्या रकान्यात निदान एक जागा सोडावी
म्हणून स्पेसबार दाबला.
त्याच्याखाली अजून भुसा आहे.
नीट दाबला जात नाही.